ताणलेल्या चादरीची चिमट

डासाच्या मादीने रक्त प्यायले की तिची अंडी बलकासाठीची प्रथिने भराभर आत घेऊ लागतात. १९६४ मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याच अंड्यांच्या पटलावर केसाळ अस्तराचे खळगे दिसले. हेच खळगे मिटून पिशव्या होतात आणि प्रथिने आत नेतात. त्या अस्तरातल्या प्रथिनाला पुढे बार्बरा पीअर्स यांनी नाव दिले : क्लॅथ्रिन.

पेशीपटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. वाकायला ते तयार असते, ताणायला नाही. क्षेत्रफळ काही टक्क्यांनी वाढले तरी फाटते. चादरीसारखेच : सैल चादर चटकन चिमटीत येते, गादीखाली घट्ट खोचलेली येत नाही. पेशी फुगून ताणली गेली की क्लॅथ्रिनची जाळी खळगा पाडते खरी, पण तो मिटता मिटत नाही. मग ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू आतून जोर लावतात आणि डायनामिन हे दुसरे प्रथिन खळग्याची मान आवळून पिशवी तोडते. यीस्टला तर ॲक्टिनवाचून गत्यंतरच नाही; आतला दाब पटलाला भिंतीशी रेटून धरतो.

स्नायूपेशींनी ताण सोसण्याची आधीच सोय करून ठेवली आहे. त्यांच्या पटलावर कॅव्हिओली नावाचे बारीक खळगे असतात. ताण आला की ते साडीच्या निऱ्यांसारखे उलगडतात.