नाणे खरे, योजना खोटी

आभासी चलनासंबंधी आपल्याकडे जी चर्चा चालते, तीत दोन टोकांची मते ऐकू येतात: एक, हा सारा व्यवहार म्हणजे निव्वळ जुगार आहे, आणि दुसरे, बिटकॉइन खरे असल्यामुळे त्याच्या नावाने जी जी योजना निघेल तीही खरीच असली पाहिजे. पहिल्या मताने मनुष्य फार तर एखाद्या लाभाला मुकतो. परंतु दुसऱ्या मतापायी कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे, आणि म्हणूनच नाणे खरे असणे व योजना खरी असणे यांतील भेद सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

‘गेनबिटकॉइन’ या योजनेचा इतिहास या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. २०१५च्या सुमारास अमित भारद्वाज व त्याच्या सहकाऱ्यांनी ही योजना काढली आणि जो कोणी बिटकॉइन त्यांच्या स्वाधीन करील त्याला अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्येच, मिळेल असे अभिवचन दिले. शिवाय नवे गुंतवणूकदार आणून देणाऱ्याला दलाली निराळी. आरंभी परतावा मिळत गेला. पुढे २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे घरचेच एक नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले, आणि त्याला बाजारात नाममात्रच किंमत असल्याचे लवकरच उघड झाले. फिर्यादी दाखल झाल्या, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला, आणि देशभर विखुरलेल्या गुन्ह्यांचा तपास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

एवढा परतावा येणार कोठून, या प्रश्नाला योजनेचे उत्तर ‘मायनिंग’ असे होते, आणि ते उत्तर वरवर पाहता खोटे नव्हते. कारण बिटकॉइनची नवी नाणी खरोखरच मायनिंगमधून, म्हणजे सामर्थ्यवान संगणकांनी व्यवहारांची नोंद पक्की करण्याच्या बदल्यात, निर्माण होतात. परंतु या निर्मितीचे नियम गुप्त नाहीत. सरासरी दर दहा मिनिटांना नोंदींचा एक गट पूर्ण होतो, त्यामागे मिळणारी नाणी ठरावीक असतात, आणि जगात यंत्रे वाढली की दर दोन आठवड्यांनी गणिताची काठिण्यपातळी आपोआप वाढून प्रत्येक यंत्राच्या वाट्याला येणारा अंश घटतो. जुलै २०१६ मध्ये तर हा मोबदला नियमाप्रमाणे पंचवीस नाण्यांवरून साडेबारांवर आला. साऱ्या जगाचे उत्पादन एका दिवसात निम्मे झाले, तरी दरमहा दहा टक्क्यांचे वचन जसेच्या तसे राहिले! ज्या धंद्याचे उत्पन्न स्वभावतःच घटते व बदलते, त्यातून अठरा महिने एकाच दराने परतावा देण्याची हमी कोणी देत असेल, तर तो परतावा त्या धंद्यातून येत नसून नव्या ठेवीदारांच्या मुद्दलातून येत आहे, असे समजावयास हरकत नाही.

हीच परीक्षा शंभर वर्षांपूर्वीही उपयोगी पडली होती. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझी हा पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ करीत होता, आणि तो नफा परदेशी टपालाच्या उत्तरी कुपनांच्या खरेदी-विक्रीतून येतो असे सांगत होता. तेव्हा क्लॅरेन्स बॅरन या अर्थविषयक पत्रकाराने, घेतलेल्या रकमांच्या मानाने सोळा कोटी कुपने लागतील, प्रत्यक्षात मात्र सुमारे सत्तावीस हजारच चलनात आहेत, असा हिशेब जाहीर केला. कुपन खरे होते, भावांतील तफावतही खरी होती. त्यांवर उभारलेली इमारत तेवढी खोटी होती.

गेनबिटकॉइनच्या बाबतीत मनाला अधिक चटका लावणारी गोष्ट अशी की, २०१५च्या आरंभी दोन-तीनशे डॉलरच्या आसपास असलेले बिटकॉइन डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजारांच्या जवळ पोचले. ज्याने आपले नाणे केवळ स्वतःजवळ राखले असते तो श्रीमंत झाला असता. ज्याने ते दामदुप्पटीच्या आशेने दुसऱ्याच्या हवाली केले, तो नागवला गेला.

कित्येकदा तर मूळचे नाणेही खरे नसते. बल्गेरियात २०१४ साली निघालेल्या ‘वनकॉइन’पाशी कोणालाही तपासता येईल अशी सार्वजनिक खातेवहीच नव्हती, तरी तिने जगभरातून चारशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. तिची संस्थापिका रुजा इग्नातोवा २०१७ मध्ये बेपत्ता झाली. त्याच वर्षी नवी मुंबई पोलिसांनीही या योजनेच्या प्रचारकांना अटक केली होती.

प्रामाणिक गुंतवणूक, उलटपक्षी, कसलेच वचन देत नाही. तेथे आपण चालू भावाने नाणे विकत घेतो, ते आपल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवू शकतो, भाव पडला तर नुकसान उघड दिसते, आणि शेजाऱ्याला आत आणण्याबद्दल परतावा वाढत नाही. भारतात असे व्यवहार करविणाऱ्या एक्सचेंजना मार्च २०२३ पासून केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि नफ्यावर तीस टक्के आयकर आहे. मात्र ही नोंदणी काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी आहे. ती ठेवीच्या सुरक्षिततेची हमी नव्हे, आणि सरकारी मान्यतेचा शिक्का म्हणून ती पुढे करणारा मनुष्य आपली दिशाभूल करीत असतो. ‘एफटीएक्स’ हे जगातील अग्रगण्य एक्सचेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या पैशांसह कोसळले, हे ध्यानात घेता, मोठ्या नावाच्या पेढीतही गमावल्यास संसार अडणार नाही एवढीच रक्कम घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या योजनांत माणसे ओढली जातात ती जाहिरातींपेक्षा साडू, मेहुणे, कार्यालयातील वरिष्ठ यांच्या शब्दाखातर, आणि म्हणून फसल्यावरही नात्याची भीड पडून तक्रार लांबणीवर जाते. तसे होऊ देऊ नये. ‘आधी कर भरा, मग रक्कम काढता येईल’ असा निरोप आला की आणखी एक पैही न देता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि व्यवहाराचा क्रमांक, ज्या वॉलेटवर नाणी पाठविली त्याचा पत्ता व संभाषणाचे दस्तऐवज जपून ठेवावेत. कारण बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीतील नोंद पुसता येत नाही, आणि २०१६ मध्ये ‘बिटफिनेक्स’ या एक्सचेंजमधून चोरीस गेलेल्या नाण्यांपैकी चौऱ्याण्णव हजारांहून अधिक नाणी अमेरिकी तपासयंत्रणेने २०२२ मध्ये जप्त केली, ती याच नोंदींचा माग काढीत.