ठिणगीविना पेटणारे इंजिन

शर्यतीच्या खऱ्या गाडीचा अष्टमांश आकार, साडेतीन घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, सव्वाशे मिलिलिटरची टाकी आणि मातीच्या खाचखळग्यांतून उसळ्या घेणाऱ्या त्या गाडीस मचाणावरून रेडिओलहरींनी हुकूम सोडणारा चालक, एवढ्या वर्णनावरून नायट्रो गाडी हा पोरखेळ आहे अशी ज्याची समजूत होईल, त्याने तिच्या इंजिनाच्या माथ्यावरील ग्लो प्लग एकदा काढून न्याहाळावा. स्कूटरच्या प्लगप्रमाणे त्यात ठिणगी पडत नाही. आहे ते प्लॅटिनमयुक्त तारेचे केवळ एक चिमुकले वेटोळे. प्रारंभी दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करावे लागते. परंतु पुढे बॅटरी काढून घेतली तरी, मेथनॉलची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात ऑक्सिजनशी संयोग पावताना निघणारी उष्णता आणि मागच्या ज्वलनाची धग यांच्या बळावर ते तेवत राहते, आणि मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या गतीस, म्हणजे सेकंदाला ५०० वेळा, मिश्रण पेटवते.

इंधनात मेथनॉल, नायट्रोमेथेन आणि तेल असते. एक भाग पेट्रोल जाळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, मेथनॉलला साडेसहा, आणि स्वतःचा ऑक्सिजन पदरी बाळगणाऱ्या नायट्रोमेथेनला पावणेदोनच. म्हणून तेवढ्याच हवेत इंधन कितीतरी अधिक जाळता येते. तेलात पुष्कळदा एरंडेल असते. लहानपणी नाक दाबून आम्ही जे प्यायलो, ते या इंजिनास बिनतक्रार मानवते हे पाहून मला किंचित हेवा वाटतो.

खरे कसब कार्ब्युरेटरमधील इंधनाचे प्रमाण ठरविणाऱ्या नीडलपाशी लागते. ती सैल ठेवली तर गाडी धुराचे लोट सोडीत रेंगाळते. आवळीत गेले तर आवाज तीव्र होतो, वेग वाढतो, आणि इंजिन आजवर इतके उत्तम कधी चाललेच नव्हते असा भास ज्या क्षणी होतो, तो बहुधा त्याच्या विनाशाच्या अगदी आधीचा क्षण असतो. कारण वंगण आणि शीतलता ही दोन्ही इंधनाबरोबरच येतात, आणि इंधन तोडले की त्यांचीही रसद तुटते. म्हणून मुरलेला माणूस सायलेन्सरमधून धुराची बारीक रेघ निघते की नाही हे पाहतो आणि माथ्याचे तापमान शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास राखतो. सकाळी बसविलेली नीडल दुपारच्या विरळ हवेत चालेलच असा भरवसा नाही.

शॉक ॲब्सॉर्बर आणि तिन्ही डिफरन्शियल यांत निरनिराळ्या दाटपणाचे सिलिकॉन तेल भरून गाडीचा स्वभाव बदलता येतो. एअर फिल्टरच्या तेल लावलेल्या स्पंजाची मात्र हयगय चालत नाही, कारण आत शिरलेली चिमूटभर धूळ सिलिंडरचा पितळी लायनर खरवडून काढते.

हा लायनर वरच्या टोकाकडे किंचित निमुळता असतो. पितळ दट्ट्यापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्यामुळे इंजिन तापल्यावरच दोहोंचा मेळ जमतो, म्हणून सुरू करण्यापूर्वीच ते ऊन करून घेण्याचा बंदोबस्त जाणते लोक करतात. दिवस संपल्यावर, हवेतील ओलावा शोषणाऱ्या मेथनॉलने बेअरिंगे गंजू नयेत यासाठी उरलेले इंधन जाळून टाकावे, आत तेलाचे चार थेंब सोडावेत, आणि थंड होणाऱ्या निमुळत्या भागात दट्ट्या अडकून बसू नये म्हणून चाक हाताने फिरवून तो तळाशी आणून ठेवावा.