मखमलीचा तुकडा आणि 'मिसेस लेडरबर्ग'

प्रेझेंटेशन रात्री दोनपर्यंत जागून तुम्ही केलंत. आकडे तुमचे, चार्ट तुमचे, शेवटच्या स्लाइडवरची ती भन्नाट आयडियाही तुमचीच. सकाळी मीटिंगमध्ये टाळ्या मात्र टीम लीडरला. आणि तुमचं नाव? मेलच्या 'सीसी'मध्ये!

ओळखीचं वाटतंय ना? मग आज जिची गोष्ट सांगतेय ती तुम्हाला लगेच आपली वाटेल. फक्त तिच्या केसमध्ये टीम लीडर म्हणजे चक्क नवरा होता आणि टाळ्या वाजल्या त्या थेट स्टॉकहोममध्ये.

नाव एस्थर लेडरबर्ग. मायक्रोबायॉलॉजी केलेल्यांनी हे नाव अर्धं ऐकलेलं असतं. आम्हाला बीएस्सीला 'रेप्लिका प्लेटिंग' नावाचं प्रॅक्टिकल होतं. सर एका वाक्यात उरकायचे, "ही पद्धत लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये शोधली, चला, प्लेट्स घ्या." आपल्या मराठीतला हा 'यांनी' भारी सोयीचा शब्द आहे. एक माणूस की दोन, बाई की पुरुष, काही म्हणजे काही कळत नाही. वर्गात कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. परीक्षेला तेवढंच येतं, विषय संपला!

तर मंडळी, त्या 'यांनी'मध्ये दोघं होते. जोशुआ आणि एस्थर, नवरा-बायको. त्यातला एक नोबेलवाला.

भाड्याच्या बदल्यात धुणं

एस्थर झिमर जन्मली 18 डिसेंबर 1922 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. घर ज्यू, धार्मिक आणि गरीब. वडिलांचा छोटा छापखाना. त्यात तिशीतली ती महामंदी. दुपारच्या जेवणाला कित्येकदा नुसता पाव आणि त्यावर पिळलेला टोमॅटो.

कॉलेजात शिक्षकांचा सल्ला ठरलेला. सायन्स नको, बायकांना त्यात पुढे जाणं कठीण. फ्रेंच घे, साहित्य घे. (हा सल्ला आजही कुठे ना कुठे चहाबरोबर मिळतोच, फक्त विषय बदलतात.) एस्थरने ऐकून घेतलं आणि हवं तेच केलं. 1942 मध्ये हंटर कॉलेजातून पदवी, मग बुरशीच्या जनुकांवर काम, आणि 1944 मध्ये फेलोशिप घेऊन कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड.

फेलोशिप म्हणजे पैसाच पैसा असं समजू नका. राहायच्या खोलीच्या बदल्यात ती घरमालकिणीचे कपडे धुवायची. प्रयोगशाळेत चिरलेल्या बेडकांच्या उरलेल्या तंगड्याही तिने शिजवून खाल्ल्यात! पीजीमधल्या उपम्याला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तिला जेनेटिक्स शिकायचं होतं एडवर्ड टेटम यांच्याकडे. ते आधी तयार होईनात. शेवटी त्यांनी फळमाश्यांची एक बाटली पुढे केली. त्यातल्या एका माशीचे डोळे वेगळ्या रंगाचे होते. का, ते शोध म्हणाले. तिने शोधलं, आणि काम मिळालं. याला म्हणतात इंटरव्ह्यू!

1946 मध्ये मास्टर्स झालं आणि त्याच डिसेंबरमध्ये जोशुआ लेडरबर्गशी लग्न. वर्षभरात दोघं विस्कॉन्सिन विद्यापीठात. तिथे 1950 मध्ये ती डॉक्टर झाली. पुढची जवळजवळ सगळी वर्षं नवऱ्याच्या लॅबमध्ये.

कोणीतरी कुरतडलंय

इथे थोडं सायन्स येणार आहे. घाबरू नका, मस्त आहे.

जगभरच्या लॅबमध्ये ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया वाढवला जातो. त्यातला सगळ्यांचा लाडका प्रकार म्हणजे के-12. हाही 1922चाच, म्हणजे एस्थरच्याच वयाचा! कॅलिफोर्नियातल्या घटसर्पाच्या एका रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यातून मिळालेला. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर प्रयोग चाललेले.

एस्थरला एक विचित्र गोष्ट दिसली. अतिनील किरणांच्या माऱ्यातून वाचलेला के-12चा एक उपप्रकार तिने मूळ के-12 बरोबर मिसळला, तर प्लेटवरच्या कॉलनीज कडेने कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. घाईत असलेला माणूस म्हणाला असता, प्लेट खराब झाली, टाका. ती बघत बसली.

के-12च्या आत एक व्हायरस लपून बसला होता. जवळपास तीस वर्षं! बॅक्टेरियाला न मारता, त्याच्या डीएनएमध्ये आपला डीएनए घुसवून, भाडेकरूसारखा गुपचूप राहत होता. बॅक्टेरिया दुभंगला की तोही दुभंगायचा. किरणांनी एका उपप्रकारातून तो गेला, त्यामुळे तो उपप्रकार निराधार झाला. मूळ के-12 मधून अधूनमधून सुटणारे व्हायरस मग याच्यावर तुटून पडले. त्याचेच ते कुरतडल्याचे डाग. साल 1950. व्हायरसचं नाव पडलं लॅम्बडा.

जनुक चालू-बंद कसं होतं, हे समजून घेण्यात पुढे या लॅम्बडाने केवढी मदत केली ते विचारू नका. जीन एका जीवातून उचलून दुसऱ्यात टाकायला वाहन म्हणून तो कित्येक वर्षं वापरला गेला. त्याचा पूर्ण डीएनए, म्हणजे 48,502 अक्षरं, 1982 मध्ये वाचून झाला. आजही लॅबमध्ये त्याच्या कुप्या विकत मिळतात.

एवढ्यावर थांबेल ती एस्थर कसली? बॅक्टेरियांची आपसात जनुकांची देवघेव होते, हे जोशुआने टेटम यांच्याबरोबर 1946 मध्येच दाखवलं होतं. एके दिवशी एस्थरच्या प्रयोगात ही देवघेव झालीच नाही. शून्य! तिला वाटलं, बहुतेक कशाची तरी गरज आहे, आणि या जोडीत ते 'कशाचं तरी' दोघांकडेही नाही. फर्टिलिटीचा घटक असावा म्हणून त्याला थोडक्यात 'एफ' म्हटलं. हा एफ आता प्लाझ्मिड म्हणून ओळखला जातो. मुख्य डीएनएपासून वेगळी असलेली डीएनएची छोटी कडी, जी एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात उडी मारू शकते. 1952 च्या पेपरवर तीन नावं आहेत: दोघं लेडरबर्ग आणि इटलीचे लुका कव्हाली.

मखमल!

माझा आवडता भाग हा.

समजा तुमच्याकडे एका प्लेटवर शेकडो कॉलनीज आहेत. त्यातली कोणती अँटिबायोटिकला पुरून उरते ते शोधायचंय. तेव्हाचा उपाय म्हणजे एकेक कॉलनी टोचून उचला, दुसऱ्या प्लेटवर ठेवा, नोंद करा, पुढची उचला. डेटा एंट्रीच म्हणा ना.

लेडरबर्गांचा उपाय रबरस्टॅम्पसारखा होता. ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवायची. त्यावर मूळ प्लेट दाबायची. मखमलीचे उभे धागे म्हणजे हजारो बारीक सुया, प्रत्येकीवर थोडेथोडे बॅक्टेरिया चिकटतात. मग त्याच मखमलीवर नव्या प्लेट्स एकामागोमाग एक दाबायच्या. हुबेहूब छाप, प्रत्येक कॉलनी आपापल्या जागी! असं सांगतात की एस्थरने आधी स्वतःच्या मेकअपच्या डबीतला पावडर पफ वापरून पाहिला होता. मग कोणत्या मखमलीची लव नेमकी हवी, कशी धुवायची, हे सगळं तिनेच बसवलं. कापडाच्या दुकानात तासन्‌तास 'हे नको, ते दाखवा' करणाऱ्यांना हे कौशल्य काय असतं ते कळेल.

आणि याने सिद्ध काय झालं? अँटिबायोटिक पडल्यावर बॅक्टेरिया त्याच्याशी झुंजायला 'शिकतो', की शिकलेला आधीपासूनच असतो, हा मोठा वाद होता. त्यांनी मूळ प्लेटचे छाप स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या प्लेट्सवर घेतले. सगळ्या छापांवर वाचलेल्या कॉलनीज एकाच ठिकाणी! म्हणजे तिथले बॅक्टेरिया आधीपासूनच तयार होते. मग मूळ प्लेटवर त्याच जागेचे बॅक्टेरिया उचलायचे, पुन्हा वाढवायचे, पुन्हा छाप. असं करत शेवटी असे बॅक्टेरिया हाती आले ज्यांनी आयुष्यात औषधाचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी औषध त्यांचं काही बिघडवू शकत नव्हतं.

जूनच्या पहिल्या सरीत स्टेशनबाहेर कोरडे कोण राहतात? पाऊस बघून कोणाच्या बॅगेत छत्री उगवत नाही. ज्यांच्या बॅगेत ती आधीच होती तेच कोरडे. अँटिबायोटिकचंही तसंच. ते जंतूंना काही शिकवत नाही, बिनछत्रीवाल्यांना तेवढं साफ करतं आणि छत्रीवाल्यांना सगळं रान मोकळं. साधी सर्दी झाली की केमिस्टकडून परस्पर 'ती स्ट्रॉंगवाली' गोळी आणणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायला हरकत नाही. सर्दी व्हायरसने होते, तिथे या गोळीचा काही उपयोग नाहीच, पण पोटातल्या बिनछत्रीवाल्या गरीब बॅक्टेरियांचा मात्र निकाल लागतो. वर 'एफ'सारख्या उड्या मारणाऱ्या कड्या या छत्र्या शेजाऱ्यालाही देऊन टाकतात.

स्टॉकहोमची रात्र

1956 मध्ये इलिनॉयच्या बॅक्टेरियॉलॉजिस्टांच्या संस्थेने पाश्चर पुरस्कार दोघांना मिळून दिला. दोन वर्षांनी नोबेल. अर्धं बीडल आणि टेटम यांना, अर्धं जोशुआला. वय वर्षं 33. एस्थर स्टॉकहोमला गेली, पण बायको म्हणून.

इथे जरा फेअर राहू या. जोशुआ हा काही आयती मलई खाणारा गडी नव्हता. बॅक्टेरियांच्या मीलनाचा मूळ शोध त्याचा आणि टेटम यांचा, लग्नाआधीचा. तो अचाट हुशार होता यात वाद नाही. त्यामुळे 'नवऱ्याने नोबेल चोरलं' अशी चटपटीत हेडलाइन मला पटत नाही. पण नोबेलच्या मानपत्रात बॅक्टेरियांच्या जनुकद्रव्याच्या रचनेचाही उल्लेख आहे, आणि ते काम विस्कॉन्सिनच्या ज्या टेबलावर झालं, त्यावर दोघांचे हात होते. लुका कव्हाली यांनी नंतर लिहिलं, त्याचा आशय असा, की इतका प्रसिद्ध नवरा असणं हे एस्थरचं भाग्य होतं आणि तोटाही, कारण तिच्या वाटचं श्रेय तिला पुरतं मिळालंच नाही. हा माणूस त्याच पेपरचा तिसरा लेखक, म्हणजे आतली खबर!

मला खरी टोचते ती नंतरची गोष्ट. 1959 मध्ये दोघं स्टॅनफर्डला परतले. जोशुआ नव्या जेनेटिक्स विभागाचा प्रमुख. आणि लॅम्बडा, एफ, मखमल एवढं खात्यावर असलेली एस्थर? तिथे प्राध्यापकांमध्ये बायका नाहीत, म्हणून तिने आणखी दोघींबरोबर डीनकडे दाद मागितली, तेव्हा कुठे तिला पद मिळालं. तेही कायमपणाची हमी नसलेलं. 1966 मध्ये घटस्फोट झाला. 1974 मध्ये तिला 'ॲडजंक्ट प्रोफेसर' करण्यात आलं. नाव भारदस्त, प्रत्यक्षात खालची पायरी. व्हिजिटिंग कार्ड बदलतं आणि आपण पेढे वाटायचे की रडायचं ते कळत नाही, तसलं.

ती टिकून राहिली. 1976 पासून दहा वर्षं तिने स्टॅनफर्डचं प्लाझ्मिड रेफरन्स सेंटर चालवलं. जगभरच्या संशोधकांना सापडलेल्या प्लाझ्मिड्सना नाव आणि नंबर द्यायचे, एकाच नावाचे दोन होऊ द्यायचे नाहीत, नमुने जपायचे, मागेल त्याला पाठवायचे. दुसऱ्यांच्या शोधांची नावं नीट लागावीत म्हणून दहा वर्षं! यातली गंमत तिला जाणवली असेल का, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

आणि ती फक्त लॅबमध्ये बसून कुढत होती, असं चित्र मुळीच डोळ्यासमोर आणू नका. ती डिकन्सची आणि जेन ऑस्टिनची पक्की चाहती. रेकॉर्डर, म्हणजे तिकडची उभी धरून वाजवायची बासरी, हे तिचं प्रेम. 1962 मध्ये तिने हौशी वादकांचा आख्खा ऑर्केस्ट्रा उभा केला. जुन्या, काही शतकांपूर्वीच्या संगीताच्या याच नादात मॅथ्यू सायमन नावाचा इंजिनीयर भेटला. 1993 मध्ये लग्न. तिचं वय 70!

11 नोव्हेंबर 2006 रोजी ती गेली, वयाच्या 83व्या वर्षी. तिची पत्रं, फोटो, लॅबमधली टिपणं मॅथ्यूने गोळा केली, लावली आणि कोणालाही बघता येतील अशी खुली केली.