आजारपणामुळे वारी चुकते तेव्हा: मनाची हुरहुर आणि शरीराची काळजी

ज्येष्ठ संपत आला की काही घरांत एक ठरलेला वाद सुरू होतो. समजा, क्रांती चौकाजवळ राहणारे ६८ वर्षांचे आजोबा आहेत. पंचवीस वर्षांचा वारीचा नेम, आणि यंदा एप्रिलमध्ये बायपास झालेली. ते म्हणतात, "पैठणहून नाथांची पालखी निघेल आणि मी इथे गादीवर पडून राहू?" मुलगा म्हणतो, "बाबा, डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना!" दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. तुमच्या घरी असा प्रसंग असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

ही हुरहुर म्हणजे आजार आहे का?

नाही. पण एके काळी डॉक्टर तिला आजारच समजत. १६८८ मध्ये बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर राहणाऱ्यांच्या व्याकुळतेला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'परतणे' आणि 'वेदना' या शब्दांपासून त्याने ते बनवले होते. आज ही भावना रोग मानली जात नाही. ती गोड आणि कडू अशी दोन्ही असते, आणि आपण कोणाचे आहोत याची ती आठवण करून देते.

वारीच्या बाबतीत ती जास्त तीव्र का होते? एक तर दरवर्षी तेच दिवस, तीच माणसे, तोच टाळमृदंगाचा आवाज. पाऊस पडला की शरीरालाच चालण्याची आठवण होते. दुसरे म्हणजे 'नेम मोडला' ही अपराधी भावना. आणि तिसरे, जे रुग्ण सहसा बोलून दाखवत नाहीत: "यंदा राहिली, पुढच्या वर्षी मी असेन का?" वाद वारीचा दिसतो, पण आत अनेकदा हा प्रश्न असतो.

प्रवास खरोखर कधी टाळावा?

"आजारी आहात, जाऊ नका" एवढे सांगून भागत नाही. कारण कळले तर रुग्ण ऐकतो.

- बायपासनंतर: छातीचे हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. या काळात गर्दीतला धक्का किंवा जड पिशवी उचलणे घातक ठरू शकते.
- हृदयाचे पंपिंग कमी असल्यास: पायांवर सूज, रात्री झोपल्यावर दम लागणे, किंवा तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे हे शरीरात पाणी साचल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी प्रवास नको, आधी डॉक्टरांना भेटा.
- डायलिसिस चालू असल्यास: एकही पाळी चुकवू नका. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.
- गुडघा किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर: पहिले काही आठवडे तासन्‌तास बसून प्रवास केल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.
- मधुमेहात पाय बधिर झाले असल्यास: अनवाणी चालताना झालेली जखम कळतच नाही, आणि ती चिघळते.

यांपैकी बऱ्याच अडचणी काही काळापुरत्या असतात. म्हणून डॉक्टरांना "जाऊ का?" एवढेच विचारू नका. "कधी जाऊ शकेन? चालत नाही तर गाडीने? किती वेळ उभे राहू शकतो?" असे विचारा. "या वर्षी नाही" आणि "आता कधीच नाही" यांत रुग्णासाठी फार मोठा फरक आहे.

जाता येत नाही, मग काय करता येईल?

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा १८१० पासूनचा मेळा २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे रद्द झाला. पण जर्मनीपासून दूर गेलेल्या लोकांनी त्याच्या आधीच आपली सोय केली होती. ब्राझीलमधील ब्लुमेनाऊ शहरात जर्मन वंशाचे लोक १९८४ पासून आपला ऑक्टोबरफेस्ट भरवतात. आपल्याकडेही २०२० मध्ये पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी ती वारी घरूनच केली.

आपल्या शहराला तर ही सोय जवळच आहे. वाळूजजवळचे छोटे पंढरपूर! ज्यांना मोठ्या पंढरपूरला जाणे जमत नाही असे हजारो लोक आषाढीला नगर नाक्यावरून तिकडे जातात. तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर एकादशीची गर्दी टाळून, आधी किंवा नंतर एखाद्या सकाळी गाडीने दर्शन घेता येईल.

तेही शक्य नसेल तर:

- रोज वारीच्या वेळेला घरीच हरिपाठ म्हणा. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे चाला. दहा मिनिटांची असली तरी तीच आजची मजल.
- दिंडीतल्या सोबत्यांना रोज एका ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा. दिवसभर मोबाइलवर वारी पाहत बसण्यापेक्षा दहा मिनिटे बोलणे बरे.
- दिंडीसाठी घरून काहीतरी पाठवा: लाडू, औषधांची पेटी, रेनकोट. आपण अजून दिंडीत आहोत ही भावना त्यातून टिकते.

एकादशीचा उपवास आणि औषधे

वारी चुकली म्हणून कडक उपवास करणारे रुग्ण बरेच असतात. इथे सावध राहा.

- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी "उपवास मोडेल" हा विचार मनात आणू नका. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. डोस स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- साबुदाणा खिचडी मधुमेहात साखर झपाट्याने वाढवते.
- किडनीच्या रुग्णांनी बटाटा, शेंगदाणे, केळी, खजूर, नारळपाणी यांबाबत विशेष जपावे. त्यांत पोटॅशियम जास्त असते.

घरच्यांनी काय बोलावे?

"त्यात काय एवढं, पुढच्या वर्षी जा" हे वाक्य टाळा. त्याऐवजी विचारा, "बाबा, वारीत तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं?" आणि मग ऐका. रुग्णाला सोडून जाता येत नाही म्हणून तुमचीही वारी राहत असेल, तर पुंडलिकाची कथा आठवा. तो आईवडिलांच्या सेवेत होता म्हणून विठ्ठल विटेवर थांबला.

केवळ हुरहुर नाही, हे कसे ओळखावे?

वारीच्या आठवणीने डोळे भरून येणे आणि थोड्या वेळाने सावरणे हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बराच वेळ उदास वाटणे, झोप आणि जेवण बिघडणे, औषधे नाकारणे, "आता जगून काय करायचं" असे बोलणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येते आणि उपचारांनी ते बरे होते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवत असतील तर रुग्णाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणि एक करा. पुढच्या तपासणीला जाताना पुढच्या आषाढीची तारीख कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना विचारा, "इथपर्यंत पोहोचायला मी आजपासून काय करू?" औषधे, चालण्याचा व्यायाम, साखरेवर ताबा, या सगळ्याला मग एक मुक्काम मिळतो. वारकऱ्याला मुक्काम ठाऊक असला की पाय आपोआप उचलतात.