सुरी अस्सल कीं नक्कल?

विळीवर बसून भाजी चिरणें आमच्या मातोश्रींच्या गुडघ्यांना गेल्या वर्षीं अगदींच सोसेनासें झालें. ओट्यापाशीं उभें राहून चिरावयाचें तर सुरी चांगली पाहिजे, आणि चांगली सुरी म्हणजे जर्मनीतील झोलिंगेन गांवची, असा आमचा जुना समज. परंतु नव्या सुरीची किंमत पाहून आम्ही थबकलों. इतक्यांत मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या बाजारांत एक जाहिरात दिसली: ‘झ्विलिंग, अस्सल जर्मन, झोलिंगेनची, फारशी न वापरलेली.’ किंमत नवीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, विकणारा भिवंडीचा. दुसरें गिऱ्हाईक येईल या धास्तीनें निम्मे पैसे आम्ही आगाऊ पाठवूनहि चुकलों, आणि शंका सुचली ती त्यानंतर.

आम्ही राहतों कल्याणास. दुर्गाडीचा पूल ओलांडला कीं कोनगांव, आणि पुढें भिवंडी. यंत्रमागांचें हें गांव आतां गोदामांचेंहि झालें आहे. राहनाळ, काल्हेर, माणकोली या बाजूंना मोबाईलवरून मागविलेला माल सांठविण्याचीं प्रचंड गोदामें उभीं आहेत. गिऱ्हाइकांनीं परत धाडलेल्या मालाचे ढीग व्यापाऱ्यांस घाऊक विकले जातात, व तेथून एकेक नग सुटा होऊन तुमच्याआमच्या घरीं येतो. तेव्हां वस्तु स्वस्त आहे एवढ्यावरून ती चोरीची किंवा बनावट ठरत नाहीं. पण खरी आहे असेंहि ठरत नाहीं.

आदल्या रात्रीं आम्ही थोडें वाचून ठेविलें. ‘झ्विलिंग’ याचा अर्थ जुळे, आणि या घराण्याची जुळ्या भावांची छाप झोलिंगेन येथें १३ जून १७३१ रोजीं नोंदली गेली. झोलिंगेन हें नांवहि वाटेल त्यास पात्यावर घालतां येत नाहीं. १९३८ च्या जर्मन कायद्याप्रमाणें घडणीचीं मुख्य कामें त्या टापूंत झालेलीं असलीं तरच तें नांव लावतां येतें. यांत गंमत अशी कीं, एकोणिसाव्या शतकांत झोलिंगेनच्याच कांहीं कारखानदारांवर हलक्या सुऱ्यांवर ‘शेफील्ड’ असा इंग्रजी शिक्का मारून विकल्याचा आरोप होता. विलायतेंत १८८७ चा व्यापारी चिन्हांचा कायदा झाला तो अशाच तक्रारींवरून. परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालण्याची रीत त्यांतूनच रूढ झाली. एके काळीं नकलेबद्दल बदनाम झालेलें गांव पुढें आपल्या नांवाचें इतकें जपूं लागलें!

भिवंडीस एस. टी. स्थानकाबाहेर विकणारा भेटला. विशीबाविशीचा, गोदामांत काम करणारा मुलगा. सुरी हातीं घेतांच आम्ही छाप पाहिली. दोन भावांच्या जागीं एकटीच मनुष्याकृति होती! झोलिंगेन हा शब्द पात्यावर कोठेंहि नव्हता.

“जाहिरातींतल्या चित्रांत तर दोघे होते,” आम्ही जरा कडक स्वरांत म्हणालों.

“काका, तो फोटो मीं नेटवरून घेतला. मला मिळाली तशी विकतोंय. एक काय, दोन काय, मला वाटलें एकच कंपनी.”

त्याचें म्हणणें अर्धें खरें होतें. त्याच घराण्याच्या स्वस्त मालावर ‘हेंकेल्स’ हें नांव आणि एकच आकृति असते, व हा माल पुष्कळदां जर्मनीबाहेर तयार होतो. पण ही छाप तरी खरी कशावरून?

खिशांतून लोहचुंबक काढून आम्ही पात्यास लावला. तो घट्ट चिकटला. ताटवाट्यांच्या स्टेनलेस पोलादांत अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकल आणि कार्बन अगदीं नांवापुरता असतो. त्यास चुंबक बहुधा चिकटत नाहीं, आणि त्याला कितीहि पाणी दिलें तरी तें कठीण होत नाहीं. सुरीच्या पोलादांत कार्बन सुमारें अर्धा टक्का असतो, म्हणून तिची धार टिकते. अर्थात् चुंबक चिकटला म्हणजे छाप खरी, असें नव्हे. न चिकटता तर मात्र आम्ही तेथूनच परतलों असतों. (पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेल्या ‘जपानी’ सुऱ्या सध्यां फार निघाल्या आहेत. थरांचें पोलाद खरें असेल तर थर पाठीच्या कडेवरहि दिसतात. नुसती कोरलेली नक्षी दोन बाजूंपुरतीच असते.)

मुठीच्या सांध्यांत नख अडकेना, अक्षरें रेखीव होतीं, पातें सरळ होतें. आम्ही विचारलें, “हिचा खोका आहे का?” फाटका म्हणून त्यानें तो घरींच ठेविला होता, मित्राकडून त्यानें तो आणविला. आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचें नांव-पत्ता, किंमत व मूळ देश छापावा लागतो. आयातदार तेथें होता; पण मूळ देशाच्या जागीं नांव होतें तें जर्मनीचें नव्हे.

तर सुरी बनावट नव्हती; बनावट होतें तें तिचें वर्णन. आपल्या १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत, पंधराव्या कलमांत, वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशीं जुळलाच पाहिजे अशी अट गृहीत धरली आहे. आम्ही तें कलम सांगूं लागतांच मुलाचा चेहरा उतरला. “काका, पैसे परत करतों, पण पगार झाल्यावर.” पुढें कायदा बोलवेना. आगाऊ दिलेली निम्मी रक्कम हीच पूर्ण किंमत समजावी असें ठरलें, आणि जाहिरात त्यानें आमच्यासमोरच काढून टाकली.

परत येऊन आमच्या नेहमींच्या शिकलगाराकडून सुरीस धार लावून घेतली. पोलाद बरें आहे म्हणाला. मातोश्री आतां तिनें तोंडलीं आणि दुधी भोपळा चिरतात. नारळ खवावयास मात्र विळीच लागते.