अभिजात की आधुनिक? विज्ञानकथांच्या वाचकांचा बदलता कौल

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या विश्वात एकदा ‘अभिजात’ ठरलेल्या ग्रंथाचे स्थान अढळ राहते, असा सर्वसाधारण समज आहे. ४५ वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मतदानांचे निकाल शेजारी ठेवल्यास तो टिकत नाही.

१९६६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ‘सर्वकालीन सर्वोत्कृष्ट मालिका’ हा विशेष ह्यूगो पुरस्कार आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ला मिळाला. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मागे पडली. मात्र २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने घेतलेल्या मतदानात ६० हजारांहून अधिक जणांनी भाग घेतला, तेव्हा टॉल्किन पहिल्या क्रमांकावर होते आणि ‘फाउंडेशन’ आठव्या. (किशोरवाङ्मय वगळल्याने हॅरी पॉटर या स्पर्धेत नव्हताच.)

पुस्तके तीच होती. मतदार बदलला होता. ह्यूगोसाठी मत देणारे संमेलनाचे सदस्य प्रामुख्याने विज्ञानकथा मासिकांवर वाढलेले होते आणि ‘फाउंडेशन’च्या कथा १९४२ ते १९५० या काळात अशाच एका मासिकात प्रसिद्ध झाल्या होत्या. टॉल्किन यांच्या कादंबरीच्या स्वस्त कागदी बांधणीच्या आवृत्त्या अमेरिकेत आल्या त्या १९६५ मध्ये. सामान्य वाचकांपर्यंत ती नुकतीच पोहोचू लागली होती.

आवडीनिवडीतील खरा भेद मात्र प्रकाशनवर्षाचा नाही. वाचक कोणती उणीव खपवून घेतो, यावर तो ठरतो. ‘फाउंडेशन’चा गाभा म्हणजे गणिताच्या आधारे समाजाचे भवितव्य वर्तविण्याची कल्पना. कथानक दशकेच्या दशके ओलांडत जाते, पात्रे बदलत राहतात आणि पहिल्या खंडात स्त्रिया जवळजवळ दिसतच नाहीत. कल्पनेच्या भव्यतेपुढे तत्कालीन वाचकाला याचे फारसे वैषम्य वाटले नाही. आजच्या वाचकाला ते खटकते. २०२१ मध्ये आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत गाल डॉर्निक आणि सॅल्व्हर हार्डिन ही मूळची पुरुषपात्रे स्त्रिया झाली, ती उगाच नव्हे. एन. के. जेमिसिन यांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळाला. त्यांच्या त्रयीत भूकंपांनी उद्ध्वस्त होणाऱ्या जगाइतकेच महत्त्व आपल्या मुलीचा शोध घेणाऱ्या आईला आहे.

तरीही नवा वाचक कल्पनेला विटला, असे म्हणता येत नाही. २०१५ मध्ये ह्यूगो मिळविणारी लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही चिनी कादंबरी वळणाने असिमोव्ह यांच्याच घराण्यातली आहे. पात्रे पुसट, कल्पना अफाट. जयंत नारळीकर यांच्या कथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही.

मराठीत तर जुन्या-नव्याचा हिशेबच वेगळा आहे. इंग्रजीत १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेली टॉल्किन यांची कादंबरी मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादातून ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आली ती अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर. इंग्रजी वाचकांच्या आजोबांच्या पिढीचे हे पुस्तक मराठी ग्रंथालयांत नवी आवक म्हणून दाखल झाले.