घोट्याचे गुण किती भरवशाचे?

घोटा मुरगळून बरा झाला, एक्स-रेत हाडही धड दिसतंय, तरी जिना उतरताना रुग्ण कठडा सोडत नाही. ही अडचण त्यालाच विचारावी लागते. म्हणून डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट प्रश्नावली भरून घेतात. पण त्या गुणांवर विसंबायचं, तर आधी प्रश्नावलीचीच परीक्षा घ्यायला हवी. ती कशी घेतात, हे ‘फूट अँड अँकल अॅबिलिटी मेझर’ या अमेरिकी प्रश्नावलीवरून पाहू. रॉबरॉय मार्टिन आणि सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली.

तिचे दोन भाग आहेत : रोजच्या हालचालींचे २१ प्रश्न आणि खेळाचे ८. चढण चढता येते का, उकिडवं बसता येतं का, धावता येतं का, असे हे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण. पहिल्या भागाचे कमाल गुण ८४. कुणाला ६३ मिळाले तर ७५ टक्के. टक्के जास्त, तर पाय अधिक कामाचा.

पहिली तपासणी प्रश्नांच्या आपसातल्या मेळाची. एकाच क्षमतेबद्दल विचारत असतील, तर उत्तरंही एका दिशेने जायला हवीत. हा मेळ क्रॉनबॅक अल्फा या आकड्यात मोजतात, साधारण ०.७ च्या पुढे तो समाधानकारक मानतात. मात्र तो १ च्या अगदी जवळ गेला, तर तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला जातोय का, हे पाहावं लागतं.

दुसरी तपासणी पुनर्चाचणीची. ज्यांच्या पायात फरक पडलेला नाही, अशांकडून काही काळाने प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. मध्ये इतके दिवस हवेत की आधीची उत्तरं आठवू नयेत, आणि इतकेच की दुखणं बदलू नये. या प्रश्नावलीसाठी अंतर होतं चार आठवड्यांचं. दोन्ही वेळच्या गुणांची जुळणी रोजच्या हालचालींत ०.८९ आणि खेळात ०.८७ निघाली. पूर्ण जुळणी म्हणजे १.

आकडे उत्तम दिसतात, पण एकेका रुग्णापुरतं पाहिलं की चित्र बदलतं. पायात काही न बदलताही गुण थोडे वरखाली होतात. ही चूक रोजच्या हालचालींत शंभरपैकी ५.७ गुणांपर्यंत, खेळात १२.३ पर्यंत जाते. आता रुग्णाला ‘फरक पडला’ असं जाणवण्याइतकी किमान सुधारणा किती? अनुक्रमे ८ आणि ९ गुण. म्हणजे रोजच्या हालचालींत ८ गुण वाढले, तर सुधारणा खरी मानता येते. खेळात ९ वाढले, तर ती मोजमापाचीच चूक असू शकते. तेवढ्यावरून खेळाडूला मैदानात पाठवणं धाडसाचं.

तिसरी तपासणी वेगळी : आकडा स्थिर आहे, पण तो पायाबद्दलच बोलतोय का? म्हणून हे गुण एका सर्वसाधारण आरोग्य-प्रश्नावलीशी ताडून पाहिले. शारीरिक क्षमतेच्या गुणांशी ते घट्ट जुळले, मानसिक आरोग्याच्या गुणांशी फारसे नाहीत. जसं व्हायला हवं तसंच.

ही कमाई भाषांतराबरोबर आपोआप येत नाही. मूळ यादीत मांडी घालून बसण्याचा प्रश्न नाही, आणि आपल्याकडे पंगतीला बसायचं तर तोच पहिला. म्हणून मराठीत आणलेली प्रश्नावली मराठी रुग्णांवर या सगळ्या तपासण्यांतून नव्याने जायला हवी.